काचेआड फिरणारं उपरणं

मार्गशीर्षातली दिल्ली. धुक्याचं धूसर, दुधाळ, दवभिजलं वस्त्र, आणि त्यातून धाग्याधाग्यानं उसवत येणारं पिवळं, पोरकं ऊन. त्या उन्हात जागतिक प्रदर्शनाची शुभ्र शिखरं उभी होती. देवळांसारखीच, पण देवावाचून. प्रत्येक शिखरावर पताका, प्रत्येक पताकेवर परका देश.

ते ऊन कालिंदीला साठ वर्षांनंतरही आठवतं. तेव्हा ती पंधराची होती. वडील नृसिंहबुवा कीर्तनकार. दत्तजयंतीसाठी दिल्लीकर मराठी मंडळींनी त्यांना कुरुंदवाडहून बोलावलं होतं. सोबत आई उमाबाई, आणि आईचा पदर धरून ती. ‘आलाच आहात तर प्रदर्शन बघून जा,’ असं मंडळी म्हणाली, आणि बुवा निघाले. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं, मनात एक बारीक, बोचरा संशय.

घरगुती उपकरणांचं ते दालन! चंद्रधवल, चकचकीत, चमत्कारसंकुल. आभाळातली वीज तिथं दासी होऊन राबत होती. धूळ गिळणारी नळी घुमत होती. गिळलेलं ती कुठंतरी ओकणारच, असं बुवांना वाटलं. पाव भाजणाऱ्या पेटीनं टणकन उडी घेतली. बुवा दोन पावलं मागं. शीतकपाटाचं दार उघडताच आत दिवा लागला, तशी त्यांची भुवई पगडीला टेकली.

“दार लावल्यावर विझतो म्हणे. लावल्यावर आत बघितलंय कुणी?”

“अण्णा, हळू बोला हो,” कालिंदी पुटपुटली.

“हळू कशाला? निरूपणात घेणार आहे मी हा दृष्टांत.”

उमाबाई मात्र पुढं गेल्या होत्या. एका गोल काचेपाशी त्या थबकल्या होत्या. काचेआड पाणी, पाण्यात फेस, फेसात वस्त्रं. वळत, उसळत, कोसळत. जणू कुणी नदीच पेटीत कोंडली होती. नदी होती, पण घाट नव्हता. घाटावर वाकलेली पाठ नव्हती. थंडीनं उललेले, धुण्याच्या सोड्यानं सोललेले हात नव्हते.

उमाबाईंनी आपले हात पदराखाली घेतले.

“आत बाई बसवलीय,” बुवा मागून म्हणाले.

यंत्रापाशी उभी असलेली मुलगी नागपूरची निघाली. खुदकन हसली. “काय बाप्पा काकाजी! एवढ्याशा डब्यात कोण बसंल? तुमचं उपरणंच टाका नं आत.”

बुवांनी उपरणं दिलं. पण लेक सासरी धाडावी तशा जड हातानं. त्यावर कालच्या कीर्तनातल्या बुक्क्याचा डाग होता, काळा, दरवळता. उपरणं फिरू लागलं. बुडालं, वर आलं, पुन्हा बुडालं. बुवा यंत्रामागं जाऊन वाकून आले. तिथं भिंत होती, तार होती, बाई नव्हती. तरी संशय शमेना. तोही आत फेसाळतच राहिला.

आणि वस्त्र बाहेर आलं. शुभ्र. शंखशुभ्र. शरदातल्या ढगासारखं.

“बदललंय,” बुवांनी निकाल दिला. “हे माझं नव्हेच. एकवीस वर्षांत इतकं पांढरं कधी पाहिलं नाही मी ते.”

उमाबाईंनी काठ चाचपला. अंगठ्याखाली एक तिरपा टाका लागला. “आपलंच आहे हो. हा टाका माझा. चातुर्मासात खिळ्याला अडकून फाटलं होतं ना?”

बुवा हरले. पण हरलेला संशय दुसरं दार शोधतो. “बरं. समजा, ही पेटी घरी आली. धुणं ती करणार. मग तू काय करणार गं?”

थट्टाच होती ती. नागपूरची मुलगी हसली, कालिंदीही हसली. उमाबाई हसल्या नाहीत.

“तुमचा पूर्वरंग ऐकीन,” त्या म्हणाल्या.

पूर्वरंग! कीर्तनाचं पहिलं अंग. जिथं बुवांचा शब्द दीपमाळेसारखा पायरीपायरीनं उजळत जायचा, जिथं ऐकणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्या डोळे पुसायच्या.

“धुण्यापायी दिवस पुढं सरकतो. मग भांडी राहतात, तुमचा फराळ राहतो. देवळात येते तेव्हा पूर्वरंग संपून सगळ्यांना बुक्का लावून झालेला असतो, कथा सुरू झालेली असते. घाटावर बायका विचारतात, काय निरूपण केलं बुवांनी, नाही? मी म्हणते, हो ना. खोटंच म्हणते.”

कालिंदीनं पाहिलं, अण्णांची नजर आता यंत्रावर नव्हती. आईच्या पदराखाली लपलेल्या हातांवर होती. सगळं दालन हिंडून आलेला संशय मुकाट, मान खाली घालून, स्वतःच्याच उंबऱ्याशी येऊन बसला होता.

यंत्र घरी आलं नाही. ते यायचं नव्हतंच.

कुरुंदवाडची, पौषातली सांज. कृष्णेवरून येणारा गार, गंधहीन वारा. देवळात समया तेवल्या, तबला लागला, पेटीनं सूर धरला. बुवा उभे राहिले, आणि नुसतेच उभे राहिले.

“घसा बसला वाटतं,” कुणी म्हणालं.

“दिल्लीचं पाणी बाधलं असेल.”

“बुवा, करा की सुरू!”

“थांबा. एक श्रोता यायचाय.”

“मामलेदार येणार दिसतंय!” कुजबूज पसरली, आणि पुढली जागा लगबगीनं रिकामी झाली.

वाट पाहता पाहता वाती दोनदा सारल्या गेल्या. मग बायकांच्या बाजूनं, हात पदराला पुशीत, उमाबाई आत आल्या. निःशब्द सभा पाहून दचकल्या. शेजारणीच्या कानाशी लागल्या, “संपलं का हो?”

तेवढ्यात नमनाचा पहिला स्वर उठला. समयांवरून, माणसांवरून, रिकाम्या जागेवरून तरंगत तो मागं आला. आणि अजून ओल्या असलेल्या दोन हातांची ओंजळ, हळूच, जुळली.