तिघांचं पाणी

टोमॅटोचं रोप लावताना खोड गळ्यापर्यंत मातीत गाडायचं, हे रोपवाटिकेतल्या माणसानं मला दोनदा बजावून सांगितलं. खालची पानं खुडायची, वर नुसता शेंडा ठेवायचा. गाडलेल्या खोडालाच मुळं फुटतात म्हणे.

"फळ कधी धरेल?" मी विचारलं.

"दोन-अडीच महिने धरा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बाजार आहे की," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

बाजारातले टोमॅटो चालणार नव्हते. पोरीनं अटच तशी घातली होती.

पोर म्हणजे आमची खारू. लहानपणी सारखी काहीतरी कुरतडत असायची, दोन्ही गाल भरलेले, म्हणून हे नाव पडलं. आता सोळाची आहे. गेल्या वर्षभरात तिनं एकेक पदार्थ सोडत खाणं इतकं सोडलं, की दप्तराचा पट्टाही खांद्यावर टिकेना. का सोडलं ते मला विचारू नका. मी तिला समजावलं, ओरडलो, हातापाया पडलो, एकदा तर ताट भिरकावलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हालाच दम भरला. कारण शोधत बसू नका, तिच्या ताटाकडे टक लावून बघू नका, आणि 'अजून एक घास' हे शब्द तोंडातून काढू नका. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला यापेक्षा वाईट शिक्षा नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. मध्येच अडकलेल्या माणसांशी बंद दारातून बोलत राहणं हे माझं अर्धं काम. "घाबरू नका, मी इथेच आहे, दाराला टेकू नका." अनोळखी माणसं माझ्या नुसत्या आवाजावर शांत होतात. घरी खारूच्या खोलीसमोर उभा राहिलो की मात्र माझी दातखीळ बसते.

तर डॉक्टरीणबाईंनी तिला आमच्यासमोर विचारलं, "तुला काय खावंसं वाटेल गं?" तिनं नखांकडे पाहिलं. मग म्हणाली, "चेरी टोमॅटो. पण विकतचे नाही. आपल्या परसात आलेले."

तिची आई दवाखान्याच्या जिन्यातच रडली. मी तसाच रोपं आणायला धावलो. तिथे 'दोन-अडीच महिने' ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीनं तेवढी मुदत मागून घेतली होती आणि आम्ही खुशीनं ती देऊन बसलो होतो. बाईंकडे तेवढी मुदत नव्हती. वजन आणखी उतरलं की भरती करायचं आणि नाकातून नळी घालायची, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. "पण ती मनानं आली नाही तर नळी उपटून टाकेल," असंही त्या म्हणाल्या होत्या. "अशा मुली मी पाहिल्यात." त्या मुलींचं पुढे काय झालं, ते विचारायचा मला धीर झाला नाही. आणि खारूनं तर घरी येताच जाहीर केलं, "मला तिथे टाकलंत ना, तर मी तुमच्यापैकी कुणाशीही जन्मात बोलणार नाही."

तरी रोपं आणली. दुसरं काय करणार होतो?

लावायच्या दिवशी ती खाली आली. भर उन्हात दोन स्वेटर घालून परसातल्या पायरीवर बसली. आजोबा, म्हणजे माझे सासरे, फावड्यानं खड्डे करत होते आणि ते काम आपल्यालाच कसं जमतं हे सगळ्यांना ऐकवत होते. खारूनं एक रोप हातात घेतलं. खालची पानं खुडली, पिशवी उलटी करून मुळांचा गोळा अलगद काढला, खड्ड्यात ठेवून माती ओढली. हळुवार करत होती सगळं, आणि तिचे हात बघून माझ्या काळजाचं पाणी होत होतं. एका रोपात तिला धाप लागली. मग वर निघाली, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. तिची आई मागे जायला उठली, मी पदर धरून तिला खाली बसवलं. आधार दिलेला खारूला खपत नाही.

पहिले काही दिवस रोपं ताठ होती. मग पानं मलूल झाली. तहानली असतील म्हणून मी कामावर जाण्याआधी एक बादली घातली. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लोंबली, मी दोन बादल्या घातल्या. खालची पानं पिवळी पडली. कडक ऊन असेल म्हणून मी त्यांच्यावर जुनी चादर बांधली. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा त्या रोपांपाशी बसायचो. घरात कुणी त्यांचा विषय काढत नव्हतं.

पुढच्या तपासणीला वजन उतरलेलंच निघालं. "उद्या भरतीला घेऊन या," बाई म्हणाल्या. खारू घरी आली, खोलीत गेली आणि कडी लावली.

त्या संध्याकाळी मी दुकानातून चेरी टोमॅटोचा डबा आणला. लाल, चकचकीत, एकसारखे. सकाळी उजाडताच शिवणाच्या डब्यातली हिरव्या दोऱ्याची रिळं घेऊन परसात गेलो आणि एकेका टोमॅटोच्या देठाला दोरा बांधून त्या मरगळलेल्या रोपांना लटकवू लागलो. हो, शुद्धीवर होतो. फूलही न आलेल्या, वीतभर रोपाला एका रात्रीत पिकलेली फळं कशी लागतील, हे मला कळत होतं. पण काल संध्याकाळपासून माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं.

मागचं दार वाजलं. बायको. हातात पाण्याची कळशी.

"तू कशाला पाणी घालतेस? मी घालतो की रोज," मी म्हणालो.

"मी पण घालते रोज," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या मागून आजोबा आले, दोन्ही हातांत तांबे. आमच्याकडे बघून जागीच थबकले. "तुम्ही दोघं विसराळू," ते पुटपुटले. "म्हटलं, आपणच बघावं."

आम्ही तिघांनी खाली पाहिलं. माती नव्हतीच ती, चिखल होता.

मग बायकोला ते लटकलेले टोमॅटो दिसले. आता माझी चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. तिनं कळशी ठेवली, माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "गाठ बारीक मार. दुरून दिसतेय."

कात्री आणायचं सुचलं नव्हतं, म्हणून आजोबा दोरा दातांनी तोडून देत होते. ही टोमॅटो पुढे करत होती, मी बांधत होतो. तीन मोठी माणसं, एका सोळा वर्षांच्या पोरीला फसवायला निघालेली. कुणालाही हसू येत नव्हतं. भारानं एक रोप वाकलं आणि मुळासकट बाहेर आलं.

"तुम्हाला वेड लागलंय का?"

खारू दारात उभी होती. सकाळच्या उजेडात तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता.

ती एकेक पाऊल टाकत आली, खाली बसली, उपटलेलं रोप उचललं. मुळं काळी पडून बुळबुळीत झाली होती.

"कुजलीत," ती म्हणाली. "पाण्यानं. तिघं तिघं पाणी घालताय. मी वरून रोज बघतेय."

"मग सांगितलं का नाहीस?" तिच्या आईनं विचारलं.

खारूनं रोप मातीवर ठेवलं. "मरू देत, असं वाटत होतं," ती म्हणाली. "मेली की मला खावं लागलं नसतं."

बायकोनं तोंडावर पदर धरला. आजोबा भिंतीकडे वळले. मला खूप काही बोलायचं होतं, आणि सगळंच बाईंनी मना केलेलं होतं. जे मना नव्हतं तेवढंच बाहेर पडलं.

"मला भीती वाटतेय गं," मी म्हणालो. "फार भीती वाटतेय. मला आता काही सुचत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले, बोटाला हिरवा दोरा गुंडाळलेला. मग तिनं शेजारच्या रोपाला लटकलेल्या एका टोमॅटोकडे बोट केलं.

"त्याचा दोरा काढून दे."

मला गाठ सुटेना. शेवटी देठासकट दोरा ओढून काढला, टोमॅटो सदऱ्याला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

आम्ही तिघंही जमिनीकडे बघू लागलो. साल फुटल्याचा बारीक आवाज आला. मग बराच वेळ ती चावत होती आणि रडत होती, आणि मला वाटलं आता थुंकून टाकेल. तिनं गिळला. माझ्या जिभेवर 'अजून एक' आलं होतं, ते मी दातांखाली धरलं.

ती माझ्या खांद्याला धरून उठली.

"आई, माझी बॅग भर," ती म्हणाली. "जाड पांघरूण टाक. तिथे मला थंडी वाजेल."