टाच

"अगं, उठून दाखव की ते पापलेट!"

"तुमीच वाका ना, ताई. मासं खाली, मी पन खालीच."

पनवेलच्या मासळीबाजारात हसू फुटलं. शेजारची गोदू म्हणाली, "आमची म्हारानी उठत नाय. गादीवर बसलीय."

गादी म्हणजे फरशी. फरशीवर गुणाबाईची डावी टाच, टाचेवर गुणाबाई. सकाळी डोक्यावरची पाटी उतरवून अशी बसली की दुपारी पाटी रिकामी झाल्यावरच उठायची. सात वर्षं. लोकांना वाटे, सवय.

टाच काढली की अंग बाहेर येई, पोरांची पिशवीच.

एवढंच. एका ओळीत मावतं.

सरकारी दवाखान्यात बदली होऊन आलेल्या जेरुशा नर्सबाई बोय मासा घ्यायला आल्या. त्या बेने इस्रायल, कोकणातल्या ज्यू. त्यांच्या घरी खवलं नसलेला मासा चालत नाही, म्हणून त्या अगदी खाली वाकून बघत. इतर गिऱ्हाइकं मासेच बघत. नर्सबाईंनी खवलं बघितली, मग टाच.

"अंग येतं का गं?" त्या हळूच म्हणाल्या.

"तुमाला कोन बोल्लं?"

"तुझी टाच."

दवाखान्यात नर्सबाईंनी केसपेपर भरायला घेतला.

नाव: गुणाबाई काशीराम कोळी.

वय: "लिवा चालीस."

बाळंतपणं: "चार."

"जिवंत किती ते नाही विचारलं. सगळी सांग."

गुणाबाईने बोटांवर मोजलं. थांबली. परत पहिल्या बोटापासून मोजलं. "नव."

तक्रार: ही जागा नर्सबाईंनी स्वतःच भरली.

"दर वेळी किती दिवसांनी पाटी उचललीस?"

"आठव्या. शेवटच्याला सहाव्या. म्हावरं थांबत नाय, बाई." मग तिने आपणहून सांगितलं, "पयल्या पोराला सगलं जागच्या जागी गेलं. नव्या दोरीवानी. मंग दर येलेला जरा सैल, जरा सैल. शेवटचं पोर जालं, आन आवललंच नाय."

"तसंच असतं. दोरी तीच, ताण नऊ वेळा. त्यात वय. तिशीनंतर आतलं मांस तसं भरून येत नाही. आणि वर पाटी." नर्सबाईंनी टेबलावरच्या पातेल्यातून रबराचं काळं कडं काढलं. "हे आत बसवते. बरं नाही करणार, पण वर धरून ठेवील. दर तीन महिन्यांनी काढायचं, उकळायचं, परत बसवायचं."

दुसऱ्या दिवशी बाजारात गुणाबाई उभी राहिली.

"म्हारानी राज्य सोडून उठली गो!" गोदू ओरडली.

गुणाबाई उभीच राहिली. काही वेळ तिला हातांचं काय करावं ते कळेना.

दोन वर्षं गेली. आठ वेळा कडं निघालं, आठ वेळा बसलं. शेवटच्या वेळी नर्सबाईंच्या टेबलावर काही नव्हतं. त्या घरच्यांबरोबर कायमच्या इस्रायलला निघाल्या होत्या.

"आज तू स्वतः बसवायचं. मी सांगते तसं."

"माजा हात नाय लागायचा तितं."

"नऊ पोरं तिथूनच आली ना?"

"ती आपसूक आली. मी बगितलं नाय."

"मग तीन महिन्यांनी काय करशील?"

"टाच हाय ना."

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी साबण दाखवला. हात कसे धुवायचे ते दाखवलं. कडं दोन बोटांत दाबून लांबट कसं करायचं ते दाखवलं. गुणाबाई भिंतीकडे बघत होती. शेवटी त्यांनीच बसवलं.

तीन महिने झाले. दवाखान्यात नवे, तरुण डॉक्टर होते. लांबच्या शहरातले.

"अंग येतंय," ती म्हणाली.

त्यांनी मनगट धरलं. "अंग तापतं? किती दिवस?"

तिने मनगट सोडवून घेतलं. "दोन."

लाल औषधाची बाटली घेऊन ती घरी आली. बाटली फळीवर ठेवली. पाणी उकळलं. दाराला कडी लावली. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. भिंतीकडे बघत, आपलाच हात कुणा परक्याचा असल्यासारखा, तिने कडं काढलं. उकळलं. बसवलं. कडी काढून पाटी उचलली.

एवढंच.

नाव: मालू. गुणाबाईची थोरली.

वय: पंचवीस.

बाळंतपणं: हे चौथं. त्यासाठी माहेरी आलेली. सातवा महिना.

तक्रार:

चुलीवर पातेलं उकळत होतं. मालूने आत डोकावून पाहिलं. "आये, ही काय बांगडी शिजवतेस?"

"माजी हाय. हात लावू नको."

"म्हातारपनी नटतेस गो!" हसत हसत मालू मोरीकडे गेली, बोय साफ करायला. एक हात पोटाखाली धरून खाली बसली. बसता बसता डावा पाय आत ओढला, टाच अंगाखाली सरकवली, नीट केली.

गुणाबाईने ते पाहिलं.

"कितव्यापासनं?"

"काय कितव्यापासनं?"

गुणाबाईने हनुवटीने टाच दाखवली. मालूची सुरी थांबली.

"दुसऱ्या पोरापासनं," मालू म्हणाली.

पातेल्यातलं कडं कडेला आपटत होतं. गुणाबाईने साबण घेतला, तो मोरीच्या काठावर, मालूच्या हाताशी ठेवला.

"बालंत हो आदी. मंग दावीन. पयलं हात धुवायचं."

काय दावणार ते मालूने विचारलं नाही. टाच हलवली नाही. शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढत ती खवलं काढत राहिली.