विल्मार टेचेराच्या नावाने

विल्मार टेचेराला निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, तरी रोज पहाटे सव्वापाचला त्याचं खातं संत्रेवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या सर्व्हरवर काहीतरी लिहीत होतं. त्याच्या जागी सर्व्हर सांभाळणाऱ्या मिरेया दुत्राने पंधरा दिवसांच्या नोंदी चाळल्या. एका दिवसाचाही खाडा नव्हता. नोकरीत असताना हा माणूस एवढा वक्तशीर कधीच नव्हता.

लिहिणं चाललं होतं तेही नको त्या जागी. साल्तो शहराच्या आसपासचे संत्रेवाले संस्थेच्या संकेतस्थळावर आपापल्या ट्रकचा नंबर लावत आणि पहाटे त्याची यादी निघे. पहिल्या वीस ट्रकांचा माल निर्यातीच्या खोक्यांत जाई, बाकीच्यांची संत्री कमी भावात रसाच्या कारखान्यात. त्या यादीला टेचेराचं खातं हात लावत होतं, आणि त्या खात्याला सर्व्हरवर कुठेच मज्जाव नव्हता. वर त्याच्या जावयाचा ट्रक त्या आठवड्यात दोनदा पहिल्या विसांत लागलेला.

मिरेयाला हाताला धरून काम शिकवलं ते टेचेरानेच, म्हणून तिला फार वाईट वाटलं. पण संशय एकदा डोक्यात शिरला की प्रत्येक गोष्टीला वास येऊ लागतो. मागच्या सोमवारी तो बगलेत थर्मास धरून ऑफिसात आला होता, तासभर माटे चहा पीत बसला होता आणि जाताना "सर्व्हर बरा आहे ना?" असं विचारून गेला होता. आता तेही तिला खटकलं.

तिने अध्यक्षांना, एल्बिओ कियापारांना, सांगितलं.

"मला शंका होतीच," एल्बिओ म्हणाले. "एवढा साधा माणूस खरा असतो का कुठे?"

"आधी त्यांनाच विचारून बघते."

"हो, विचार. बाबा रे, चोरी केलीस का? आणि तो हो म्हणणार! खातं बंद कर, मिरेया."

तिने बुधवारी खातं बंद केलं. शुक्रवारच्या सभेत देखरेख समितीची निवडणूक व्हायची होती आणि टेचेरा तिला उभा होता. बावीस वर्षं राबल्यावर त्याला तेवढाच मान हवा होता. एल्बिओंनी ही गोष्ट विश्वासाने एकालाच सांगितली, त्यामुळे दुपारच्या जेवणापर्यंत ती सगळ्या गावाला ठाऊक झाली.

गुरुवारी पहाटे संकेतस्थळ उघडलंच नाही. यादी नाही, फाटकाशी साठ ट्रक, आणि ड्रायव्हर एकमेकांच्या आयांचा उद्धार करताहेत.

"म्हाताऱ्याने जाता जाता सुरुंग पेरला," कुणीतरी ओरडलं.

मिरेयालाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिने सर्व्हरवर आलेला बिघाडाचा संदेश वाचला. संकेतस्थळ चालवणारी सेवाच, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, टेचेराच्या खात्यावर बसवलेली होती. रोज पहाटे यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की ती सेवा त्याच्या नावाने उठायची आणि त्याच्या अधिकाराने यादी लिहायची. आज तिला दार बंद होतं, आणि ते मिरेयानेच लावलं होतं.

कपाटातल्या फायलीत टेचेराचे तीन अर्ज निघाले. सर्व्हरच्या सेवेसाठी वेगळं, मोजक्याच अधिकारांचं खातं द्यावं. तिन्हींखाली एल्बिओंच्या सहीचं एकच उत्तर: नियमाप्रमाणे खातं माणसालाच मिळेल, ओळखपत्राचा क्रमांक जोडावा. यंत्राला कुठलं आलंय ओळखपत्र? टेचेराने आपलं जोडलं होतं.

मिरेयाने कुणालाही न विचारता नवं खातं काढलं. त्याला फक्त संकेतस्थळाची पानं वाचता येतील आणि यादीच्या फोल्डरात लिहिता येईल, त्या नावाने कुणा माणसाला आत शिरता येणार नाही. दहा मिनिटांचं काम होतं. यादी निघाली, ट्रक हलले.

दुपारी ती टेचेराच्या घरी गेली. तो ओसरीवर बसला होता. सकाळीच त्याने उमेदवारी मागे घेतली होती.

"डॉन विल्मार, चूक माझी आहे. उद्या सभेत मी सगळं सांगते. तुमचे अर्जही दाखवते."

"काय सांगशील?"

"की यादी तुम्ही लिहीत नव्हता, यंत्र लिहीत होतं."

"कशावरून?"

मिरेयाने नोंदी आठवून पाहिल्या. इतक्या वर्षांच्या नोंदी, सगळ्यांवर एकच नाव. त्यातली माणसाने लिहिलेली कोणती आणि यंत्राने कोणती, हे देवालाही सांगता आलं नसतं.

"ते विचारतील, टेचेराने मनात आणलं असतं तर यादी फिरवता आली असती का? मग?"

"आली असती," ती हळूच म्हणाली.

"खोटं तू बोलणार नाहीस, पोरी. तेवढ्यानेच माझा निकाल लागेल." त्याने थर्मासमधलं पाणी ओतून चहा तिच्यापुढे धरला. "त्यांचं राहू दे. तुझी तरी खात्री आहे ना?"

"आहे," मिरेया म्हणाली, पण जरासा उशीर झाला. तो उशीर दोघांनाही कळला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघ," टेचेरा म्हणाला. "आणि तू तर माझ्या हाताखाली शिकलेली."