उघड्या प्लेटवर

"उघड्या प्लेटवर तोंड उघडायचं नाही. आधी जंतूंचं ऐकून घ्यायचं."

आमच्या बाईंनी मला प्रयोगशाळेत पहिल्यांदा उभं केलं, तेव्हाचं हे वाक्य. बोलताना तोंडातले कण प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, पडतात आणि मग उगवले ते रुग्णाचे जंतू की आपले, हेच कळत नाही, इतका साधा त्यांचा मुद्दा. मी त्याचं व्रत करून टाकलं. सकाळची पूजा आटोपून कामावर यायचं आणि सगळ्या प्लेटा वाचून होईपर्यंत मौन पाळायचं. आमचे तंत्रज्ञ नाना आल्यागेल्याला सांगतात, "डॉक्टर मॅडमची वर लाइन लागलीय, जरा दमानं घ्या."

त्या सकाळी पहिलीच प्लेट सुतारकाकांच्या जखमेतल्या पुवाची होती. पडून खुबा मोडला, ऑपरेशन छान झालं आणि नंतर टाके पिकले. त्यात साखरेचा जुना आजार. त्यांच्या मुलीने आदल्या दिवशी मला जिन्यात गाठलं होतं.

"इंजेक्शनं चालूच आहेत आणि ताप काही हटत नाही. विचारलं की सगळे 'बघू' म्हणतात. ताई, तुम्हाला कळलं की तुम्ही तरी सांगाल ना?"

"स्वतः येऊन सांगेन," मी म्हटलं होतं.

झाकण उचललं तर पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आला. निळसर हिरवा रंग सगळीकडे पसरलेला. हा जंतू धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. नळाच्या तोंडाशी, ओल्या फडक्यात दबा धरून असतो. माणूस खचला, जखम उघडी मिळाली की डाव साधतो. प्लेटवर आम्ही वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतो. जंतू ज्याने मरतो, त्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. इथे तो बहुतेक चकत्यांना खेटून वाढला होता. काकांना जे इंजेक्शन चाललं होतं, त्याच्या चकतीला तर त्याने मिठीच मारली होती. एकाच औषधाभोवती भलंमोठं वर्तुळ होतं. म्हणजे वाट होती, पण एकच.

शेजारची प्लेट माणसाची नव्हती. वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर जंतुनाशकाची बाटली असते. संपली की धुऊन, वाफवून मगच पुन्हा भरायची. इथे ती कधी संपतच नव्हती. तळाशी उरलेलं वाया कशाला घालवा म्हणून वरून नवं औषध आणि नळाचं पाणी ओतत राहायचे. त्या वॉर्डातून हाच जंतू पुन्हा येऊ लागला, तेव्हा मी त्या बाटलीतलं थोडं मागवलं होतं. आता प्लेटवर तोच हिरवा रंग, तीच वर्तुळं. जंतू मारायच्या बाटलीत जंतू सुखाने नांदत होते, आणि त्यानेच आपण लोकांच्या जखमा पुसत होतो. बाटलीत काहीतरी उगवतंय म्हटल्यावर ती काढायला मी वॉर्डातल्या सिस्टरना कालच सांगितलं होतं.

मी पट्टीने वर्तुळ मोजत असताना व्यवस्थापक आत आले.

"डॉक्टर, तपासणीची मंडळी येताहेत. अशा वेळी बाटलीचा गावभर ढोल पिटायचा का? मी सिस्टरना सांगितलंय, राहू दे तिथेच, नंतर बघू. आणि त्या सुतारांच्या रिपोर्टवर 'नमुना दूषित, पुन्हा पाठवा' एवढं लिहा. तोवर मंडळी येऊन जातील."

मी प्लेटवर झाकण ठेवलं आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. पण ते तोवर दाराकडे वळले होते.

"साहेब, मॅडमचं मौन चालू आहे," नाना म्हणाले.

"चांगलंच आहे की. नाही म्हणाल्या नाहीत ना? इतरांसारखा आरडाओरडा नाही. समजूतदार बाई."

ते गेले. मी पट्टी टेबलावर आपटली. एक माणूस तापाने फणफणतोय, त्याच्या शिरेतून पाण्याइतकं निरुपयोगी औषध जातंय आणि यांना पाहुण्यांपुढे घर टापटीप दिसायला हवं. देवासाठी मिटलेलं माझं तोंड यांनी खुशाल आपल्या सोयीला लावलं. मनातल्या मनात जप सुरू केला, पण तो पुढे सरकेना. हाक मारून त्यांना थांबवावं असं वाटलं. पण उरलेल्या प्लेटाही कुणा ना कुणा रुग्णाच्याच होत्या. त्या वाचल्या. एकेक झाकण लावलं.

"काय लिहायचं मॅडम? दूषित?" नानांनी हळूच विचारलं.

"दूषित बाटली आहे, नाना. नमुना स्वच्छ आहे. जंतूचं नाव लिहा, औषधं लिहा. बाटलीचा रिपोर्टही सोबत जोडा."

सह्या करून मी सर्जनना फोन लावला. चालू इंजेक्शन काम करत नाही, कुठलं करेल तेही सांगितलं.

"पण साहेब तर म्हणाले, नमुना खराब होता. तुमचं नि त्यांचं बोलणं झालंय ना?"

"ते माझ्याशी बोलले. मी त्यांच्याशी अजून बोललेली नाही. औषध आत्ता बदला."

"बदलतो," ते म्हणाले.

मी हात धुतले, बाटली आणायला एक जाड पिशवी घेतली आणि रिपोर्ट हातात धरले.

"साहेबांनी विचारलं तर काय सांगू?" नाना म्हणाले.

"सांगा, मौन सुटलंय."

वॉर्डाच्या दाराशी, बाकाच्या कडेला सुतारकाकांची मुलगी मांडीवर डबा घेऊन बसली असेल. मी जिना चढू लागले.