नख रुतलं पाहिजे

गंगाधररावांनी अंगठ्याचं नख कांडीत रोवलं, आणि ते रुतलं. हीच पंचाईत झाली.

त्यांनी कांडी उलटी करून दुसऱ्या टोकाला नख लावलं. तिथंही रुतलं. मग पाकिटातली दुसरी कांडी काढली. कुत्र्यांनी चघळायच्या त्या तपकिरी, बोटाएवढ्या जाड कांड्या तेलीबांध्याच्या तलावामागच्या याच दुकानातून त्यांनी महिन्यापूर्वी नेल्या होत्या. आज उरलेलं अर्धं पाकीट घेऊन ते भांडायला आले होते.

"कडक आहे," ते म्हणाले.

"काका, नख आत गेलं तुमचं," काउंटरमागची रीना म्हणाली.

"माझं नख मजबूत आहे."

 रीना मेश्रामनं पाकीट उलटं करून मागची तारीख वाचली. दुकान उघडून सात महिने झाले होते आणि असली गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती. गंगाधररावांच्या मागे, गळपट्ट्यांच्या रांगेजवळ, त्यांची बायको रमाबाई उभ्या होत्या. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

कुत्र्याला चघळायला काय द्यावं याचा साधा नियम आहे. ज्यात नख रुततं ते द्यावं. ज्यात रुतत नाही ते दात फोडतं. हा नियम गंगाधररावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी तात्यापाऱ्यातल्या आपल्या दुकानात कवळ्या केल्या होत्या. दात या विषयावर त्यांच्याशी वाद घालणारा माणूस उभ्या रायपुरात नव्हता, निदान त्यांच्या मते तरी नव्हता.

खिशातून त्यांनी एक डबी काढली, उघडली आणि काउंटरवर ठेवली. आत कापसावर दाताची एक पांढरी कपची होती.

"हे पाय. आमच्या ठेठरीची वरची दाढ. गेल्या मंगळवारी फुटली. डॉक्टर निरंजन म्हणाले, काहीतरी कडक चावलं. उरलेली दाढ काढावी लागली. दुसऱ्या बाजूची गेली तर म्हातारपणी खाईल काय ती?"

ठेठरी म्हणजे त्यांची कुत्री. नऊ वर्षांपूर्वी गल्लीतून घरात शिरलेली. शेपटी इकडच्या बेसनाच्या तळलेल्या ठेठरीसारखी पिळलेली, म्हणून ते नाव. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तिचा रुबाब मोठा होता.

"माझ्या कांडीनं नाही फुटली, काका," रीना म्हणाली. आवाज चढला नाही, पण हटलाही नाही. "मी हाड ठेवतच नाही. चामड्याची गाठ पण नाही. लोक मागतात, मी नाही म्हणते, तर बाजूच्या दुकानात जातात. रोज दोन-चार गिऱ्हाईक असेच वापस पाठवून राहिली मी. बाबा म्हणतात, रेल्वेची परीक्षा दिली असती तर बरं होतं. आणि तुम्ही मलेच म्हणून राहिले, कडक विकते म्हणून?"

"मग फुटली कशानं?"

"घरी दुसरं काही कडक खाते का ती?"

"अजिबात नाही. वरण-भात, पोळी. माझ्या डोळ्यासमोर खाते."

रमाबाईंनी खाली मान घालून पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! ठेठरीची दाढ कशानं फुटली हे या दुकानात फक्त त्यांना ठाऊक होतं.

ती खुरमीनं फुटली होती. कणीक, गूळ आणि तुपाची, पोळ्याला घरोघर तळतात ती छत्तीसगढी खुरमी. रमाबाईंच्या हातची तर अशी की पायावर पडली तर बोट सुजावं. गंगाधररावांचं सगळं नाव या खुरमीवर उभं होतं. नवी कवळी बसवली की ते पेशंटसमोर बशी ठेवायचे आणि म्हणायचे, "फोडा." खुरमी कडकन फुटली की मगच पेशंटला घरी सोडायचे. गंगाधरची कवळी खुरमी फोडते, ही ख्याती पार अभनपूरपर्यंत पोचली होती. तिकडचे म्हातारे बाजाराचा माल विकून झाला की तात्यापाऱ्यात तोंड उघडून बसायचे.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी त्यांनी बायकोची कवळी केली आणि काम बंद केलं. "शेवटची रमाची," ते सगळ्यांना सांगत, "आणि सगळ्यात सरस." तेव्हापासून रोज चार वाजता चहाबरोबर रमाबाईंपुढे बशीत दोन खुरम्या यायच्या. गंगाधरराव विचारायचे, "कशी आहे?" त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत रमाबाई म्हणायच्या, "मस्त." मग ते समाधानानं पेपर उघडायचे. पेपर उघडला की खुरमी टेबलाखाली जायची, आणि टेबलाखाली ठेठरी बसलेली असायची.

रमाबाईंना ती कवळी पहिल्या दिवसापासून टोचत होती. पोळी चालायची, भाकरी दुधात चुरून चालायची, पण कडक काही चावलं की डावीकडून कळ थेट कानात जायची. सांगावं असं शंभरदा मनात आलं होतं. पण सांगणार कसं? ज्यानं अर्ध्या गावाला हसतं केलं, त्याला घरातल्याच माणसानं म्हणायचं की तुमची शेवटची बिघडली? त्यापेक्षा टोचलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. ठेठरीची दाढ फुटली त्या दिवशी त्या मोरीत जाऊन रडल्या होत्या. मुक्या जिवाला आपण आपल्या लाजेपायी दुखवलं, हे त्यांना खाऊन टाकत होतं.

गंगाधररावांनी मोबाइल काढला.

"हे पाय, मी लिहून ठेवलं आहे. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर चारशे बारा लोक आहेत. निम्म्यांकडे कुत्री आहेत." त्यांनी मोबाइल लांब धरून वाचून दाखवलं. "तेलीबांध्याला तलावामागे रीनाच्या दुकानातून कुत्र्यांसाठी काहीही घेऊ नये. दात फुटतात. अनुभवावरून सांगतो आहे." मग मान वर केली. "आता फक्त पाठवायचा बाण दाबायचा बाकी आहे."

रीनाचा चेहरा उतरला. चारशे बारा लोकांनी पाठ फिरवली तर या दुकानाचं काय होईल हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. तरी ती म्हणाली, "दाबायचं असेल तर दाबा, काका. मी खोटं कबूल नाही करणार. नख आत गेलं ते तुम्ही पण पाह्यलं."

गंगाधररावांचा अंगठा पडद्यावर आला. तो थरथरत होता. रीनाला वाटलं, म्हातारा रागानं कापतोय. रमाबाईंना माहीत होतं की तो राग नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "दाबू नका."

"काहून?"

"खुरमीनं फुटली ती."

"कोणत्या खुरमीनं?"

"चारच्या. चहाच्या. मी देत होती तिले, टेबलाखालून."

गंगाधररावांना आधी हसूच आलं. "तुझ्या वाट्याची खुरमी? कुत्रीले? अन् काहून?"

या प्रश्नाची उत्तरं रमाबाईंनी सव्वा वर्षात बरीच जमवून ठेवली होती. गोड नको वाटतं. साखर वाढली आहे. ती आशेनं बघते हो. यातलं कोणतंही चाललं असतं. पण ती पोरगी समोर उभी होती, डोळे कोरडे ठेवायची धडपड करत, आणि डबीत ती कपची होती.

"मले चावत नाही," त्या म्हणाल्या. "डावीकडं टोचते. पोळ्यापासून."

"यंदाच्या?"

"मागच्या."

 रीनानं पाठ फिरवली आणि नीट रचलेली पाकिटं पुन्हा रचायला घेतली.

"मी रोज विचारत होतो तुले," गंगाधरराव हळू म्हणाले. "कशी आहे म्हणून."

"तुम्ही खुरमीचं विचारत होते जी. खुरमी चांगलीच होती. ठेठरीले विचारा."

"सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? शेवटची होती ना तुमची." रमाबाईंनी पर्स काउंटरवर ठेवली. "आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाकडं तक्रार करायची?"

गंगाधररावांनी कपचीची डबी मिटली. मग त्यांनी मोबाइल काउंटरवर आडवा ठेवला, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि लिहिलेला मजकूर एकेक अक्षर करत पुसला. सगळं एकदम पुसता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगायची ही वेळ नव्हती. पुसून झाल्यावर त्यांनी नवीन काहीतरी लिहिलं. त्यालाही वेळ लागला. मग मोबाइल रमाबाईंपुढे सरकवला.

"तू दाब."

रमाबाईंनी चष्मा वर करून वाचलं. 'तेलीबांध्याला तलावामागे रीना मेश्रामच्या दुकानात जावे. नख लावून पाहिले, माल पास आहे. हाड मागू नये, ती देत नाही.' त्यांनी बाण दाबला.

"पोरी, दोन पाकिटं दे," गंगाधरराव म्हणाले. माफी वगैरे मागणं त्यांच्या वंशात नव्हतं. "अन् ती खाताना काय पाह्यचं, ते सांग."

"हव, काका." रीनानं नाक पुसलं आणि ताठ उभी राहिली. "समोर बसून खाऊ घालायची. अंगठ्याएवढा तुकडा उरला की काढून घ्यायचा, नाही तर गिळते अन् अडकते. दिवसाला एकच. आणि काकू..." ती थांबली. "खुरमी बंद."

"बंद," रमाबाई म्हणाल्या.

ऑटो घरापुढे थांबला. चार वाजले होते. रमाबाईंनी सवयीनं चहा टाकला, सवयीनं बशीत दोन खुरम्या ठेवल्या, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन बशी उचलायला गेल्या.

"राहू दे," गंगाधरराव म्हणाले. "कवळी काढ."

रमाबाईंनी मोरीत जाऊन कवळी काढली, धुतली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. गंगाधररावांनी ती खिडकीच्या उजेडात एकदाच फिरवली.

"डावी बाजू उंच राहिली. कागदाच्या जाडीएवढी." ते खुर्चीत मागे टेकले. "डोळ्याले अजून दिसते, रमा. हात ऐकत नाही. तेव्हाच ऐकत नव्हता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही चहा अर्धा कप मागायला लागले तेव्हापासून माहीत आहे. सांडू नये म्हणून."

 गंगाधररावांनी रमाबाईंकडे बघितलं. सव्वा वर्षात आपण या बाईकडे नीट बघितलंच नाही, नुसती कवळी बघत बसलो, याची त्यांना खरोखर लाज वाटली.

"उद्या साक्षीकडं जाऊ," ते म्हणाले. साक्षी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता तिची स्वतःची लॅब होती. "घासायचं कुठं ते मी सांगीन, घासेल ती. पोट्टीचा हात चांगला आहे. मीच बसवला आहे."

"तिच्यापुढं बोलाल? शेवटची बिघडली म्हणून?"

"शेवटची कोण म्हणते? नीट होईल तेव्हा शेवटची." त्यांनी कप पुढे केला. "आज पूर्ण भर."

रमाबाईंनी काठोकाठ भरला. थोडा बशीत सांडला, त्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. टेबलाखाली ठेठरी येऊन बसली होती. गालाची सूज उतरली होती, आणि चार वाजता इथं काय मिळतं हे ती विसरली नव्हती. गंगाधररावांनी नव्या पाकिटातली कांडी काढली, नख लावलं, आणि वाकून तिच्यापुढे धरली. तिनं वास घेतला, रमाबाईंकडे एकदा आशेनं बघितलं, आणि नाइलाजानं कांडी घेतली.

मग गंगाधररावांनी बशीतली खुरमी उचलली आणि तिला नख लावलं. नख सटकलं.

"बाप रे," ते म्हणाले, "हे मी चाळीस वर्षं लोकांकडून फोडवलं!"

त्यांनी खुरमी आपल्या कपात बुडवली. दोन्ही कोपरं टेबलावर रोवून, जरा वेळ थांबून काढली. नख लावलं. नाही. पुन्हा बुडवली. चहा निवत चालला होता, पण त्यांना घाई नव्हती. तिसऱ्यांदा नख लावलं तेव्हा ते अलगद आत गेलं. त्यांनी तो भिजलेला तुकडा रमाबाईंच्या बशीत ठेवला आणि पेपर न उघडता समोर बघत बसले.

रमाबाईंनी तुकडा तोंडात घातला. हात सवयीनं टेबलाखाली गेला होता, तो त्यांनी वर घेतला.

"कशी आहे?" गंगाधररावांनी विचारलं.

"थांबा जी," बोळक्या तोंडानं रमाबाई म्हणाल्या. "खाऊ तर द्या."