जिन्यावरून निसटलेला हात

“अगं, पळत ये! तुला ढकललं!”

नवऱ्याची हाक ऐकून ती ओले हात पुसत बाहेरच्या खोलीत आली, तोवर टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

“कुणी ढकललं?”

“ते कळलं तर तो प्रोमो कसला?”

दोघं श्वास धरून बसली. थोड्या वेळाने प्रोमो पुन्हा लागला. दार करकरलं, दिवा थरथरला, जिन्याच्या कठड्यावरून एक हात निसटत निसटत गेला. बोटात निळ्या खड्याची अंगठी. मग तिचा स्वतःचाच चेहरा, डोळे विस्फारलेले, ओठ अर्धे उघडे. किंकाळी. काळोख. आणि त्या काळोखातून घोगरा आवाज, ‘सोमवारी या घरातलं एक माणूस कमी होणार?’

अंगठी तिची, चेहरा तिचा, पण असा प्रसंग तिने कधी केलाच नव्हता.

उभा जन्म पडद्यावर शेजारणीची नाहीतर दाईची कामं करून, केस पांढरे झाल्यावर तिला ही मालिकेतली आत्या मिळाली होती. खडूस, टोचून बोलणारी, पण भाचीवर जीव ओवाळून टाकणारी. धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखी ती आत्या तिच्या अंगाला लागली होती. भाजीवाला तिला आत्या म्हणे, लिफ्टमधली पोरं आत्या म्हणत, चिडवायचं असलं की नवराही आत्याबाई म्हणे. आता आत्या गेली, की पुन्हा फोनकडे डोळे लावून घरात बसायचं. या वयात दुसरी आत्या कोण देणार?

तिने निर्मात्याला फोन लावला. उचलला नाही. लेखक म्हणाला, “मीटिंगमध्ये आहे,” आणि मागे चमचे वाजत होते. तेवढ्यात नणंदेचाच फोन आला.

“वहिनी, खरं सांग, मरतेस का? आमच्या ऑफिसात पैज लागलीय.”

“मला तरी कुठे कुणी सांगितलंय!”

“म्हणजे मेलीसच,” नणंद म्हणाली आणि खरोखरच हुंदका देऊन मोकळी झाली.

रात्र कशीबशी काढून सकाळी ती प्रोमो जोडणाऱ्या मुलीकडे गेली. सगळं युनिट त्या मुलीला कात्री म्हणे. दोघींची कधी गाठ पडली नव्हती, पण कात्री हिचा चेहरा रोज पाहत असे, थांबवून, मागे नेऊन, मोठा करून. अरुंद खोली, दोन पडदे, खिडकीला काळं कापड.

“अगंबाई, आत्या! पडद्यावर तुम्ही उंच दिसता हो.”

“माझी उंची राहू दे. मला मारलीत का, तेवढं सांग.”

कात्री हसली. मग आत्याचे डोळे पाहून तिने खुर्ची पुढे ओढली.

“बसा आधी. हा हात तुमचा नाही, मेकअपवालीचा आहे. अंगठी फक्त तुमची. तो शॉट खास प्रोमोसाठी काढलाय. मालिकेत सोमवारी भाचीला नुसतं स्वप्न पडतं, तेवढाच तो जिना.”

“आणि चेहरा?”

कात्रीने बटण दाबलं. पडद्यावर सेट दिसला. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला, पण कॅमेरा आणखी दोन श्वास चालू राहिला. तेवढ्यात मागची प्लायवूडची खिडकी धाडकन कोसळली आणि आत्याने दचकून वळून पाहिलं.

“कट म्हटलं की तुम्ही लोक अभिनय सोडता, आणि तिथे माझं पीक येतं,” कात्री म्हणाली. “तुमची दचकणी तर माझ्याकडे गोणीभर आहेत. तुम्ही गेलात तर मी काय जोडू?”

“धीर द्यायला बोलतेयस तू.”

“बरं, मग ऐका. ज्याला खरंच काढायचं असतं, त्याच्यासाठी प्रोमो कोण करतं? तो एका वाक्यात परदेशी जातो. ‘काका गेले हो मुलाकडे.’ संपलं! ज्याला मी जिन्यावर लोंबकळत ठेवते, तो पोटभर जगतो. आणि हे बघा, पुढच्या प्रोमोचा मजकूर. ‘आत्या घर ताब्यात घेणार.’ शूटिंगला तुम्हाला आज बोलावणं येईलच. आता मेलेली बाई घर कसं ताब्यात घेईल?” तिने जीभ चावली. “म्हणजे, मालिकेत घेतेही म्हणा. पण तुम्ही जिवंतपणी घेताय.”

तिने तो मजकूर वाचला. पुन्हा वाचला. भरलेली बादली जिने चढून वर आणावी आणि दारात ठेवावी, तसे तिचे खांदे खाली आले. डोळे भरले, नाक वाहू लागलं.

“अहो आत्या, इथे कॅमेरा नाही,” कात्री रुमाल पुढे करत म्हणाली. “असलं रडणं वाया घालवू नका.”

घरी नवरा दारातच उभा होता. दुकान उघडलं नव्हतं, दाढी केली नव्हती, शर्टाची बटणं वर-खाली लागली होती.

“अहो, ऐका ना, तो हात...”

त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. “गोष्ट सांगू नकोस! मला सोमवारी बघायचंय. एवढंच सांग, तुझं काम आहे ना?”

तिने मान डोलावली. तो भिंतीला टेकला, घसरत घसरत पायपुसण्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “बास. बास झालं.”

तीही तिथेच त्याच्या शेजारी बसली. त्याची बटणं नीट लावता लावता तिला कळलं, की आपण कालपासून काही खाल्लेलं नाही, आणि आपल्याला सपाटून भूक लागली आहे.