आठे ये

त्याच्या दाढीत आणखी एक टिकली चिकटलेली — सोनेरी, वाटोळी, साडीवरची — आणि ती नखानं सोडवता सोडवता कुसुमला वाटलं, हा कुत्रा नाही, मागच्या जन्मीचा वैरी आहे. टिकल्या लावायच्या साड्या घरी आणाव्यात, घटकाभर पाठ वळवावी, की हा राठ केसांचा गडी ढिगात तोंड खुपसून बसलेलाच. टेरियर म्हणे. "फॅमिली डॉग छे, कुसुमबेन, छोकरां साथे रमे," असं हेतलबेन शेठाणी म्हणाल्या होत्या. रमतो ना. गादी फाडून रमतो, घुशीच्या मागं लागून मोरी उकरतो, आणि नवरा, पंडित, यंत्रमागावरच्या रातपाळीहून येऊन जरा आडवा झाला की गल्लीतल्या सायकलच्या घंटीवर असा भुंकतो, की पंडित उठून बायकोवरच ओरडतो. फिरवून आणा, पुन्हा फिरवून आणा, तरी याच्या अंगातली रग काही जिरत नाही. माझी जिरली.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी शेठाणी मंडळी गाडीत बसून मुंबईला गेली, आणि टॉबी आला धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पदरात. थोडे दिवस सांभाळा. इथली, उधन्यातली आमची सगळी खानदेशी गल्ली बोचकी बांधून धुळ्या-जळगावकडं पळाली, आणि आपण? आपण मागं. बसमध्ये कुत्रा घेईनात, आणि मी तर शब्द देऊन बसलेली... बंद गल्लीत, तोंडाला फडकं बांधून, त्याला दूधभाकर कुस्करून घालत होते. मग शेठाणी परतल्या, पण नव्या बंगल्याचं काम निघालं, मग फरशी, मग वास्तुशांत. आज मात्र नेणार होत्या. सुटले एकदाची, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती, आणि बजावावं लागतंय याचाच तिला राग येत होता.

राग कुत्र्याचा होता का? तिनं टोप्याला — टॉबी तिच्या तोंडात कधी बसलंच नाही — बादलीपाशी ओढलं. साबण लावताना तो निसटला, अंग झटकून भिंतीवर शिंतोडे उडवले. "काय करी ऱ्हायना तू? बठ ना नीट," ती खेकसली, आणि तो बसला. हेच ते. शिव्या माणसाला आपल्याच बोलीत येतात, आणि दिवसभर शिव्या खाऊन खाऊन हा अहिराणी शिकला. घरात दुसरं कुणी ऐकत होतं का? पंडितच्या कानात मागांचा खडखडाट बसलेला, तो मान हलवतो नि जेवतो. आणि पोरगी, नूतन... मागं एकदा नूतनच्या मैत्रिणी दारात उभ्या असताना कुसुमनं आतून हाक मारली होती, "नूतन, आठे ये व." इकडे ये, एवढंच. "आठ? तो नव क्यां गया?" एक पोरगी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. गुजरातीत आठ म्हणजे आठचा आकडा, नव म्हणजे नऊ. त्या दिवसापासून नूतनला आईची भाषा कळेनाशी झाली. काही विचारलं की "क्या बोल रही है, मम्मी?" पुढंपुढं कुसुमलाही वाटायला लागलं, खरंच विसरली पोरगी. आज हा गेला की मी या घरात बोलू कुणाशी? भिंतीशी?

हॉर्न वाजला. शेठाणी आत आल्या तशी कुत्र्यानं खाटेखाली बूड टेकलं.

"टॉबी, आव बेटा. आव."

नुसते डोळे चमकले.

"केम नथी आवतो?" हातातला नवा पट्टा हलवत शेठाणी कुसुमकडं वळल्या. "तमे शुं कहीने बोलावो छो?"

काय म्हणून हाक मारते? दोनच शब्द होते. ते बोलले की तो येणार, मूर्ख कुठला, शेपूट हलवत येणार आणि गाडीत जाऊन बसणार. आणि दाराशी नूतन उभी, ओढणीचं टोक दातात धरून — हिच्यासमोर, शेठाणीसमोर, पुन्हा ते आठ-नव कशाला... कुसुम साबणाचे हात पदराला पुसत राहिली. शेठाणींनी घड्याळाकडं पाहिलं.

"टोप्या, आठे ये रे. तठे बठू नको."

नूतन बोलली होती. हळूच, पण स्वच्छ, हिंदी-गुजरातीचा वासही नाही. अमळनेरला कुसुमची आई वासराला बोलवायची, हुबेहूब तो हेल. कुत्रा खाटेखालून निघाला आणि नूतनच्या पायाशी जाऊन बसला, आणि शेठाणी हसत पट्टा घेऊन वाकल्या.

कुसुमनं तिकडं पाहिलंच नाही. येत होतं. हिला सगळं येत होतं — विसरली नव्हती, गिळून बसली होती, आणि मी एवढे दिवस एका कुत्र्याशी बोलत... पोरीच्या दोन कानशिलात द्याव्यात, असा संताप तिच्या हातापर्यंत आला. आणि त्याच हातानं पदर मुठीत आवळून ती कान देऊन उभी राहिली — ही आणखी काही बोलेल, काहीही, म्हणून.